शाळेत आंघोळ, जेवण आणि दवाखाना कशाला? मार्गारेट मॅकमिलन यांच्या कामाची गोष्ट

सरकारी शाळेत दुपारचं जेवण मिळतं, अधूनमधून डॉक्टर येऊन मुलांचे डोळे-दात तपासून जातात, लहान मुलांची वजन-उंची वहीत नोंदली जाते. आज यात कुणाला नवल वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी, त्या काळच्या अतिशय श्रीमंत अशा इंग्लंडमध्ये ही मागणी केली, तर लोक भुवया उंचावत. शाळेने शिकवावं, मुलाच्या पोटाचं आणि आजारपणाचं आई-बापाने बघावं, असा तिथला सरळ हिशोब होता.

हा हिशोब चुकीचा आहे, हे तीस-पस्तीस वर्षं सांगत राहिलेल्या आणि करून दाखवणाऱ्या बाई म्हणजे मार्गारेट मॅकमिलन. इंग्लंडमधल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी शालेय आरोग्य तपासणी, शाळेतलं जेवण, शाळेला जोडलेला दवाखाना आणि मोकळ्या हवेतली बालवाडी या चारही गोष्टींच्या इतिहासात त्यांचं नाव येतं.

त्यांच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. एक उपाय केला की तो कुठे कमी पडतोय हे त्या बघत आणि पुढचं काम तिथून सुरू करत. ही रीत त्यांना शाळेच्या वर्गातून शेवटी दोन वर्षांच्या मुलांच्या बागेपर्यंत घेऊन गेली. कशी, ते बघू.

जन्म अमेरिकेत, बालपण स्कॉटलंडमध्ये

मार्गारेट यांचा जन्म २० जुलै १८६० रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, वेस्टचेस्टर परगण्यात झाला. आई-वडील मूळचे स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसचे. मोठी बहीण रेचल त्यांच्यापेक्षा एक वर्षाने मोठी.

१८६५ मध्ये या घरावर मोठा घाला आला. वडील गेले, पाठोपाठ धाकटी बहीण गेली. मार्गारेट स्कार्लेट फीव्हर या संसर्गजन्य तापातून वाचल्या, पण त्यांची ऐकण्याची शक्ती गेली. ती परत आली तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. आई दोन मुलींना घेऊन इन्व्हर्नेसला माहेरी परतली आणि १८७७ मध्ये तीही वारली.

पुढे दोघी बहिणींच्या वाटा काही काळ वेगळ्या झाल्या. रेचल आजारी आजीची सेवा करत घरी थांबल्या. मार्गारेट यांनी श्रीमंत घरातल्या मुलांना घरी राहून शिकवणाऱ्या शिक्षिकेचं काम धरलं. त्यासाठी त्या जर्मनी आणि स्वित्झर्लंडलाही जाऊन आल्या. त्या काळात शिकलेल्या पण पैसा नसलेल्या मुलीला याखेरीज फारसे मार्ग नव्हते.

लंडनमध्ये सुटलेलं घर

आजीच्या निधनानंतर १८८८ मध्ये रेचल लंडनला आल्या. समाजवादी विचारांची गोडी आधी त्यांना लागली होती आणि त्यांच्यामुळे ती मार्गारेटना लागली. ख्रिस्ताची शिकवण खरी मानायची तर गरिबीविरुद्ध उभं राहायला हवं, असं मानणाऱ्या ख्रिस्ती समाजवादाचा हा प्रवाह होता. १८८९ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांचा मोठा संप झाला, तेव्हा दोघींनी संपकऱ्यांसाठी काम केलं.

याच काळात लंडनमधल्या एका धनाढ्य बाईंनी मार्गारेटना आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. त्यांचा आवाज, बोलण्याची ढब बघून त्यांना नटी करायचं या बाईंच्या मनात होतं आणि त्यासाठी लागणारं शिक्षणही त्या देत होत्या. पण १८९२ च्या मे दिनाला मार्गारेट हाइड पार्कमध्ये कामगारांसमोर भाषणाला उभ्या राहिल्या. मालकीणबाईंना हे पटण्यासारखं नव्हतं. आश्रय सुटला. रंगभूमीसाठी घडवलेला आवाज मात्र पुढे आयुष्यभर सभांमध्ये कामी आला.

लोकरीच्या गिरण्यांचं ब्रॅडफर्ड

लंडन सोडून दोघी बहिणी उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला गेल्या. हे लोकरीच्या कापडाचं शहर. गिरण्यांची धुराडी, दाट चाळवजा घरं आणि धुराने काळवंडलेल्या भिंती. १८९०-९१ मध्ये तिथल्या मॅनिंगहॅम मिलमध्ये लांबलेला संप फसला होता. त्या पराभवातून कामगारांना स्वतःचा पक्ष हवा, ही भावना बळावली आणि जानेवारी १८९३ मध्ये ‘इंडिपेंडंट लेबर पार्टी’ ब्रॅडफर्डमध्येच स्थापन झाली. मार्गारेट या पक्षाच्या नावाजलेल्या वक्त्या झाल्या.

१८९४ मध्ये पक्षातर्फे त्या ब्रॅडफर्डच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या. स्कूल बोर्ड म्हणजे गावातल्या सार्वजनिक शाळा चालवणारी निवडून दिलेली समिती. बायकांना संसदेसाठी मतदानाचा हक्क नव्हता, पण स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभं राहता येत असे. हीच एक फट होती आणि मार्गारेट त्यातून आत शिरल्या.

आत जाऊन त्यांनी काय बघितलं? प्राथमिक शिक्षण सक्तीचं होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं होत होती. वर्ग गच्च भरलेले. पण बाकांवर बसलेल्या अनेक मुलांचे दात किडलेले, कान वाहणारे, डोळे सुजलेले. बऱ्याच मुलांच्या अंगावरचे कपडे हिवाळा सुरू होताना अंगावरच शिवून टाकलेले असत, ते काही महिन्यांनी ऊन पडू लागल्यावरच निघत. घरात नळ नाही, पाणी तापवायला कोळसा नाही, सुकवायला जागा नाही. अशा घरातल्या आईने थंडीपासून बचावासाठी शोधलेली ही युक्ती होती.

त्यात आणखी एक पद्धत होती, अर्धवेळ शाळेची. गिरणीच्या भागात अकरा वर्षांची मुलं अर्धा दिवस गिरणीत राबायची आणि उरलेला अर्धा दिवस शाळेत यायची. पुढे हे वय १८९९ मध्ये बारा करण्यात आलं. पहाटेपासून यंत्रांच्या खडखडाटात उभं राहिलेलं मूल दुपारी वर्गात पेंगायचं. मार्गारेट यांचा या पद्धतीला विरोध होता. पण घरात मुलाच्या मजुरीचे चार पैसे येत असल्याने अनेक कामगार कुटुंबांनाच ती हवी असायची. आपल्याच मतदारांच्या विरोधात बोलावं लागणं, हा पेच त्यांना तिथे पहिल्यांदा पडला.

आधी आंघोळ, आधी तपासणी

ब्रॅडफर्डच्या बोर्डाने डॉ. जेम्स कर यांना शाळांचे डॉक्टर म्हणून नेमलं होतं. शाळांसाठी वेगळा डॉक्टर ही कल्पनाच तेव्हा नवी होती. १८९० च्या दशकात डॉ. कर आणि मार्गारेट यांनी मुलांची जी तपासणी केली, ती ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळांमधल्या सर्वांत आधीच्या आरोग्य तपासण्यांपैकी मानली जाते.

तपासणीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्यांना मठ्ठ किंवा आळशी म्हणून मागच्या बाकावर बसवलं जात होतं, त्यांतल्या कित्येकांना नीट दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं किंवा नाकातून श्वास घेता येत नव्हता. लहानपणी नऊ वर्षं बहिरेपणात काढलेल्या मार्गारेटना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिला उपाय होता आंघोळीचा. १८९७ मध्ये ब्रॅडफर्डच्या वॉपिंग रोड शाळेत स्नानगृह आणि पोहण्याचा तलाव सुरू झाला. सार्वजनिक प्राथमिक शाळेतली ही इंग्लंडमधली पहिली सोय. करदात्यांच्या पैशातून गिरणी कामगारांच्या पोरांना गरम पाणी कशाला, अशी टीका झालीच. मार्गारेट यांचं उत्तर व्यवहारी होतं. शाळेच्या इमारतीवर आणि शिक्षकांच्या पगारावर एवढा पैसा खर्च होतोय. मूल खाजत, खोकत, पेंगत बसणार असेल तर तो सगळाच वाया जातो.

१९०२ च्या शिक्षण कायद्याने मात्र स्कूल बोर्डच बरखास्त झाली आणि शाळा नगरपालिका-परगण्यांच्या हाती गेल्या. या संस्थांवर बायकांना निवडून जाता येत नव्हतं. ज्या फटीतून मार्गारेट आत आल्या होत्या ती बुजली. त्या ब्रॅडफर्ड सोडून रेचलकडे आल्या. रेचल यांनी दरम्यान स्वच्छता निरीक्षकाचं शिक्षण घेतलं होतं आणि केंट परगण्यात गावोगावी फिरून त्या आरोग्याचे वर्ग घेत होत्या. बहिणीच्या या पगारावरच मार्गारेट यांचं विनावेतन काम बराच काळ चाललं.

भुकेचं मोजमाप

शाळेतल्या जेवणाची मागणी त्या आधीपासून करत होत्या. तिला जोर मिळाला तो मात्र वेगळ्याच कारणाने. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी, १८९९ ते १९०२ दरम्यान, सैन्यात भरती व्हायला आलेले कितीतरी तरुण शरीराने इतके अशक्त निघाले, की त्यांना परत पाठवावं लागलं. साम्राज्याचे सैनिकच कुपोषित, म्हटल्यावर सरकार हललं. १९०४ मध्ये एका सरकारी समितीने शाळेत तपासणी आणि जेवण या दोन्ही गोष्टींची शिफारस केली.

१९०६ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे बरेच खासदार निवडून आले. त्यांत ब्रॅडफर्डचे फ्रेड जोएट होते, ज्यांनी शाळेतल्या जेवणाचा प्रश्न तिथे वर्षानुवर्षं लावून धरला होता. त्याच वर्षी शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला. या कायद्याने स्थानिक संस्थांना जेवण देण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही. आणखी एक बारीक पण महत्त्वाची तरतूद होती. सरकारी मदत घेणाऱ्या गरिबाचा मतदानाचा हक्क तेव्हा जात असे. मुलाच्या शाळेतल्या जेवणाचे पैसे भरता आले नाहीत, तर मात्र तो जाणार नाही, असं या कायद्यात म्हटलं होतं. म्हणजे मुलाला जेवू घालण्यासाठी बापाला आपली नागरिक म्हणून असलेली पत गमवावी लागणार नव्हती.

ब्रॅडफर्डने लगेच पुढाकार घेतला. तिथले शाळांचे डॉक्टर राल्फ क्राउली यांनी १९०७ मध्ये ग्रीन लेन शाळेत चाळीस मुलांवर एक प्रयोग केला. या मुलांना काही आठवडे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण शाळेत दिलं आणि त्यांचं वजन नियमित मोजलं. टेबलावर चादर, फुलं, नीट वाढलेलं ताट. जेवताना कसं बसायचं-बोलायचं हाही त्यातला एक धडा. मुलांची वजनं भराभर वाढली. मध्ये सुट्टी आली आणि जेवण थांबलं, तेव्हा ती घसरली. शाळा उघडल्यावर पुन्हा वाढली. पोरं मुळातच किडकिडीत, असं म्हणणाऱ्यांना वजनकाट्याने दिलेलं हे उत्तर होतं. मार्गारेट तेव्हा ब्रॅडफर्डमध्ये नव्हत्या, पण त्यांनी तिथे पेरलेलंच उगवत होतं.

तपासणी झाली, पुढे काय?

१९०७ मध्ये दुसरा कायदा आला. प्रत्येक प्राथमिक शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी आता सक्तीची झाली. मार्गारेट यांच्यासाठी हा मोठा विजय होता. पण त्यांना त्यातलं भोक लगेच दिसलं.

डॉक्टर येणार, मुलाचे दात किडलेत, कान वाहतोय, चष्मा लागेल, असं कागदावर लिहिणार आणि घरी चिठ्ठी पाठवणार. चिठ्ठी घेऊन आईने जायचं कुठे? खासगी डॉक्टरची फी परवडत नाही. धर्मादाय इस्पितळात जायचं तर दिवसाची मजुरी बुडवून रांगेत बसायचं. दातांवर उपचार ही गरिबांसाठी जवळपास अस्तित्वातच नसलेली गोष्ट. कायद्याने तपासणी सक्तीची केली होती, उपचार मात्र ऐच्छिक ठेवले होते. नुसत्या नोंदींनी कुणी बरं होत नाही.

म्हणून पुढची पायरी, शाळेचा दवाखाना. अमेरिकन साबण-उद्योजक जोसेफ फेल्स यांनी पैसे दिले आणि १९०८ मध्ये पूर्व लंडनमधल्या बो या कामगार वस्तीत दवाखाना सुरू झाला. तो एकाच शाळेपुरता राहिला, त्यामुळे फार चालला नाही. १९१० मध्ये बहिणींनी तो थेम्स नदीकाठच्या डेटफर्डला हलवला. इथे आसपासच्या अनेक शाळांमधली मुलं येऊ लागली.

डेटफर्ड म्हणजे एके काळी राजाच्या नौदलाची गोदी असलेलं गाव. गोदी १८६९ मध्ये बंद झाली. त्या जागी परदेशातून येणाऱ्या गुरांचा बाजार आणि कत्तलखाने उभे राहिले. आतडी धुण्याच्या कामावर तरुण मुली लागत. पुरुषांना नदीवर हमालीची रोजंदारी मिळाली तर मिळाली. एकेका खोलीत एकेक कुटुंब. अशा वस्तीतल्या दवाखान्यात मुलांचे दात भरले जात, कान-डोळे बघितले जात, नीट श्वास कसा घ्यायचा आणि ताठ कसं बसायचं हेही शिकवलं जाई.

पुन्हा तेच मूल, पुन्हा तोच आजार

दवाखाना चालू झाला आणि तिसरं भोक दिसलं. खरूज, नायटा, डोळ्यांची जळजळ घेऊन आलेलं मूल उपचारांनी बरं व्हायचं. काही आठवड्यांनी तेच मूल तोच आजार घेऊन दारात हजर. कारण ते परत जात होतं त्याच कोंदट खोलीत, त्याच अंथरुणात, चार भावंडांमध्ये. औषध आजारावर होतं, आजाराच्या कारणावर नव्हतं.

मग १९११ मध्ये डेटफर्डच्या एव्हलिन स्ट्रीटवरच्या घराच्या बागेत मुलींसाठी रात्रीचं शिबिर सुरू झालं. शाळकरी मुली संध्याकाळी यायच्या, गरम पाण्याने आंघोळ करायच्या, स्वच्छ कपडे घालायच्या आणि वर नुसतं छप्पर असलेल्या मोकळ्या जागेत खाटांवर झोपायच्या. सकाळी न्याहारी करून शाळेत. मुलांसाठी असंच शिबिर वेगळ्या जागी भरलं. मोकळी झोप, हवा आणि पाणी एवढ्यानेच मुलींच्या प्रकृतीत फरक पडू लागला.

पण शिबिरात येणाऱ्या मुली सहा वर्षांच्या पुढच्या. त्यांच्यातल्या अनेकींचे पाय आधीच वाकलेले, पाठीला बाक, दात किडून गेलेले. हे नुकसान शाळेत येण्याआधीच होऊन बसलेलं होतं. म्हणजे पाचव्या वर्षी शाळेत तपासणी करणं हेदेखील उशिराचंच.

बाग हीच शाळा

यातून उभी राहिली ती १९१४ मधली मोकळ्या हवेतली बालवाडी. लंडनच्या परगणा सभेने शाळेसाठी राखून ठेवलेली एक पडीक जागा नाममात्र भाड्याने मिळाली. सभेला जागा लागली की लगेच सोडायची, या बोलीवर. तिथे बहिणींनी बाग उभी केली.

इमारत म्हणावी असं फारसं काही नव्हतं. एक बाजू पूर्ण उघडी असलेल्या साध्या शेड, आणि त्यांच्याभोवती झाडं, भाजीपाला, सुगंधी वनस्पतींचे वाफे, खेळायला पाणी. मुलांनी हवं ते उपसावं, रचावं म्हणून दगड-माती आणि मोडक्यातोडक्या वस्तूंचा एक ढीगही मुद्दाम ठेवलेला. बंद वर्गावर होणारा खर्च वाचवून तो मुलांवर आणि शिक्षकांवर करावा, हा त्यामागचा हिशोब.

दोन ते पाच वर्षांची मुलं सकाळी आठच्या सुमारास यायची. आधी गरम पाण्याने आंघोळ, मग बालवाडीचे स्वच्छ कपडे. न्याहारीला ओटची लापशी आणि दूध. दिवसभर खेळ, गाणी, माती, रंग. दुपारचं जेवण, मग मोकळ्या हवेत छोट्या खाटांवर झोप. संध्याकाळी थोडं खाऊन साडेपाचच्या सुमारास घरी. म्हणजे कामावर जाणाऱ्या आईच्या वेळेशी जुळणारं वेळापत्रक. आयांसाठी बैठकाही व्हायच्या.

मुडदूस हा या वस्त्यांमधल्या मुलांचा मोठा शत्रू. यात हाडं नरम पडतात आणि चालायला लागलेल्या मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकतात. त्याचं कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता, हे विज्ञानाला कळलं १९२० च्या आसपास. त्वचेवर ऊन पडलं की शरीर हे जीवनसत्त्व स्वतः तयार करतं. कोळशाच्या धुराने झाकोळलेल्या अरुंद गल्ल्यांमध्ये तेच मिळत नव्हतं. मार्गारेट यांच्याकडे हे शास्त्रीय स्पष्टीकरण नव्हतं. पण ऊन, दूध आणि मोकळी हवा मिळाली की वाकलेले पाय सावरतात, हे त्या डोळ्यांनी बघत होत्या आणि त्यावर त्यांनी पूर्ण शाळा उभारली.

आपल्याकडे बालवाडी म्हटलं की मारिया मॉन्टेसरी आठवतात. त्यांनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं होतं. दोघींवरही एदुआर सेगँ या फ्रेंच डॉक्टर-शिक्षकाच्या विचारांचा प्रभाव होता: मेंदूचं शिक्षण हात, डोळे, कान यांच्यामार्फत होतं. फरक असा की मॉन्टेसरींचा भर खास बनवलेल्या साधनांवर राहिला, तर मार्गारेट यांच्यासाठी बाग हेच साधन होतं, आणि आंघोळ-जेवण-झोप हा अभ्यासक्रमाचाच भाग.

युद्ध आणि रेचल यांचं जाणं

बालवाडी सुरू झाली आणि काही महिन्यांत पहिलं महायुद्ध पेटलं. दारूगोळ्याच्या कारखान्यांना बायकांची गरज पडली, त्यामुळे त्यांच्या मुलांना सांभाळणाऱ्या बालवाडीला सरकारी अनुदान मिळालं. शांततेच्या काळात आईची सोय हा घरगुती प्रश्न होता, युद्धात तो राष्ट्राचा झाला.

या धावपळीत रेचल थकत गेल्या आणि २५ मार्च १९१७ रोजी, आपल्या अठ्ठावन्नाव्या वाढदिवशी त्या वारल्या. व्यासपीठावर मार्गारेट दिसायच्या, पण पैशांची जुळवाजुळव, घर आणि रोजचा कारभार रेचल बघायच्या. मार्गारेट यांनी बालवाडीला बहिणीचं नाव दिलं आणि पुढे १९२७ मध्ये तिचं चरित्रही लिहिलं. ते वाचणाऱ्याला त्यात दोघींचंही आयुष्य सापडतं.

कायदा आला, पैसा आला नाही

१९१८ च्या शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी बालवाड्या काढायची परवानगी दिली आणि अर्धवेळ शाळेची पद्धत बंद करायचं ठरवलं. डेटफर्डच्या कामाचा त्यामागे मोठा वाटा होता. पण युद्धानंतर मंदी आली, सरकारने खर्चाला कात्री लावली आणि बालवाड्या मोजक्याच निघाल्या. परवानगी आणि सक्ती यांतला फरक मार्गारेट यांच्या वाट्याला पुन्हा एकदा आला.

१९२३ मध्ये बालवाड्यांसाठी काम करणाऱ्यांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. मार्गारेट पहिल्या अध्यक्ष, तर मँचेस्टरच्या ग्रेस ओवेन सचिव. दोघींमध्ये लवकरच मतभेद झाले. लहान मुलांची बालवाडी छोटीच असावी आणि ती पूर्ण प्रशिक्षित शिक्षिकांनी चालवावी, असं ओवेन आणि इतरांचं म्हणणं. मार्गारेटना मोठ्या बालवाड्या हव्या होत्या. छोट्या ठेवल्या तर खर्च वाढेल आणि बहुसंख्य गरीब मुलं बाहेरच राहतील, ही त्यांची भीती. डेटफर्डमध्ये दोनशेहून अधिक मुलं येत होती. दोन्ही बाजूंमध्ये तथ्य होतं. शेवटी १९२९ मध्ये मार्गारेट यांनी अध्यक्षपद सोडलं.

त्यांच्यावर आणखी एक टीका होते, आणि ती रास्त आहे. गरीब वस्तीतल्या घरांबद्दल लिहिताना त्या कधी कधी असं चित्र रंगवत की जणू तिथे मुलाला काही मिळतच नाही, आणि बालवाडीने मुलाला घरापासून वाचवायचं आहे. खोलीभर मुलांना सांभाळत जगणाऱ्या आईचं कौशल्य त्यात झाकलं जाई. त्या काळी राष्ट्राची पिढी निकृष्ट होतेय, ही चर्चा जोरात होती आणि तिची भाषा मार्गारेट यांच्या लिखाणातही उतरली. मात्र दोष गरिबांच्या रक्तात आहे, असं म्हणणाऱ्यांमध्ये त्या नव्हत्या. हवा-पाणी-अन्न बदललं की मूल बदलतं, हेच त्या दाखवत होत्या.

अखेरची वर्षं

सत्तरीच्या जवळ पोहोचलेल्या मार्गारेट यांच्या डोक्यात आता एकच विषय होता: शिक्षिका. दोन-तीन वर्षांच्या मुलांना सांभाळायला कुणीही चालतं, हा समज त्यांना मोडायचा होता. या वयासाठी सर्वांत चांगली शिक्षिका हवी आणि तिला तीन वर्षांचं प्रशिक्षण हवं, हा त्यांचा आग्रह. खासदार नॅन्सी अॅस्टर यांच्या मदतीने निधी जमला आणि मे १९३० मध्ये राणी मेरी यांच्या हस्ते डेटफर्डमध्ये रेचल मॅकमिलन प्रशिक्षण महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. पक्की समाजवादी बाई आणि हुजूर पक्षाच्या खासदार अॅस्टर, अशी ही जोडी होती. मुलांच्या कामासाठी मार्गारेट कुणाकडेही हात पसरायला कचरल्या नाहीत, आणि त्यामुळे जुन्या सहकाऱ्यांपैकी काही जण दुरावले.

मार्च १९३१ मध्ये मार्गारेट यांचं निधन झालं. लंडनच्या ब्रॉकली कब्रस्तानात त्यांना रेचल यांच्याच थडग्यात ठेवण्यात आलं.

तोवर त्यांचं काम इंग्लंडबाहेर पोहोचलं होतं. अमेरिकेतून अॅबिगेल इलियट डेटफर्डला शिकायला आल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी बॉस्टनमध्ये बालवाडी काढली. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या बालवाड्यांमध्ये ती गणली जाते. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळेत जेवण आणि दूध देणं, तसंच मुलांच्या मोफत उपचारांची व्यवस्था करणं ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरली. पन्नास वर्षांपूर्वी ब्रॅडफर्डच्या बोर्डावर मागितलेली गोष्ट मुभेतून कर्तव्यात यायला एवढा काळ लागला. डेटफर्डची बालवाडी आजही चालू आहे.

या गोष्टीतून काय घ्यायचं?

मार्गारेट मॅकमिलन यांनी कोणता एक शोध लावला असं सांगता येत नाही. आंघोळ, लापशी, ऊन, झोप, यांत नवं काहीच नाही. त्यांनी प्रत्येक उपायाला पुढचा प्रश्न विचारला. तपासणी झाली, मग उपचार कुठे? उपचार झाले, मग मूल परत कुठे गेलं? शाळेत सगळं मिळतंय, मग शाळेआधीच्या पाच वर्षांचं काय? बालवाडी काढली, मग तिथे शिकवणारी कोण?

शहरातल्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठीच्या कुठल्याही योजनेकडे बघताना हे प्रश्न उपयोगी पडतात. तपासणीच्या कार्डावर शेरा आहे, पण त्या शेऱ्यानंतर त्या मुलाच्या दातांचं, कानांचं, चष्म्याचं काय झालं, हे कुणी बघतं का? शाळा सुट्टीच्या दिवशी त्याच्या ताटात काय असतं? ब्रॅडफर्डच्या वजनकाट्याने १९०७ मध्ये हेच विचारलं होतं.